आद्य लेखिका बनाबाई इंगवले

धैर्यशील इंगवले शाल, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन आला, तेव्हाच नुजहतला त्याची पुरती ओळख पटली. पुस्तकाच्या कामाला येणारा माणूस पुस्तक हातात घेऊन येतो. याचं पुस्तक मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात, मिठाईच्या खोक्यावर ठेवलेलं होतं, आणि त्यावर तेलाचा डाग पडायला सुरुवातही झाली होती.

नुजहत मुजावर तीसेक वर्षं कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाली होती आणि मंगळवार पेठेत धाकट्या बहिणीसोबत, अफसानासोबत राहत होती. "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो," हे वाक्य तिनं आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं होतं, की बोलणाऱ्याला ती मनातल्या मनात लगेच वर्गाबाहेर काढायची. धैर्यशील ते वाक्य चप्पल काढता काढताच बोलला.

त्याचा पेट्रोल पंप होता, मंगल कार्यालय होतं आणि अलीकडं एक प्रकाशन संस्थाही होती. संस्थेनं आतापर्यंत त्याच्या वडिलांचा गौरवग्रंथ आणि एक कॅलेंडर एवढंच साहित्य काढलं होतं. पण महापालिकेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या, आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की तुमच्या घराण्यात एक लेखिका होऊन गेली. धैर्यशीलच्या आजोबांची आजी, बनाबाई. तिच्या नवऱ्याचा, दत्ताजीरावांचा, गावात छापखाना होता, आणि एकोणिसावं शतक संपता संपता त्याच छापखान्यात तिचं 'कुलवधूवर्तनसार' हे पुस्तक छापलं गेलं होतं. आता त्याची नवी आवृत्ती, मोठा समारंभ, आणि नंतर एका चौकाला तिचं नाव, असा बेत होता. प्रस्तावना नुजहतनं लिहायची.

"ह्या विषयातलं तुमच्याएवढं कळतंय कुणाला, मॅडम," तो म्हणाला आणि फोटोग्राफरला खूण केली. शाल घातली गेली, फोटो निघाला. अफसाना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला फोटोतून बाजूला व्हायला सांगण्यात आलं.

नुजहत त्याला दारातूनच परत पाठवणार होती. पण तो जाता जाता म्हणाला, की तुमचं ते मोठं पुस्तक आम्ही काढतो, कापडी बांधणीत, आणि तिचा हात शालीवरच थबकला.

ते मोठं पुस्तक म्हणजे तिच्या एका तपाची मेहनत होती. त्या शतकात लिहित्या झालेल्या बायका आणि त्यांची पुस्तकं छापणारे छापखाने, असा विषय. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनी ते हस्तलिखित ठेवून घेतलं होतं, कौतुक केलं होतं आणि परत पाठवलं होतं. एकानं तर 'तुमच्या समाजातल्या स्त्रियांवर काही लिहा ना' असा सल्लाही दिला होता. नुजहतनं त्याला कळवलं होतं, की ती आपल्याच समाजातल्या स्त्रियांवर लिहितेय, म्हणजे लिहिणाऱ्या स्त्रियांच्या समाजातल्या. त्यानं उत्तर दिलं नाही. प्रकाशकांबद्दल तिचं मत मुळातच बरं नव्हतं. त्यानंतर तिनं त्यांच्याबद्दल मत ठेवणंच सोडून दिलं.

तिनं हस्तलिखिताची एक प्रत धैर्यशीलच्या ड्रायव्हरकडं दिली आणि 'कुलवधूवर्तनसार' घेऊन बसली.

पहिल्या चार पानांतच तिचा चेहरा आंबट झाला. पुस्तक भिकार होतं, पण तो मुद्दा नव्हता. भिकार पुस्तकं तिनं शेकड्यांनी वाचली होती. मुद्दा असा, की ते बाईनं लिहिलेलं नव्हतं.

आणि हे म्हणण्याची तिला चीड होती. त्या काळात एखाद्या बाईनं पुस्तक लिहिलं, की गावातले शहाणे आधी नवऱ्याकडं बघायचे. बाईला एवढं कुठलं सुचायला, नवऱ्यानं लिहून बायकोच्या नावावर खपवलं असणार, असं म्हणून मोकळे व्हायचे. त्यातल्या एकेका बाईची बाजू घेऊन नुजहत आयुष्यभर भांडली होती. कॉलेजातले विश्वजित घोरपडे सर तर स्टाफरूममध्ये मुद्दाम तिच्या शेजारी बसून म्हणायचे, "मुजावर मॅडम, तुमच्या सगळ्या लेखिका म्हणजे नवऱ्यांचं हस्ताक्षर हो." मग ते स्वतःच हसायचे, आणि त्यांच्या बगलेतले दोन-तीन प्राध्यापकही. नुजहत त्यांच्याकडं बशीत पडलेल्या माशीकडं बघावं तशी बघायची.

आणि आता हे पुस्तक. कुलवधूनं पहाटे कसं उठावं, सासऱ्यापुढून जाताना पदर कुठपर्यंत घ्यावा, नवरा बाहेरून रागावून आला तर पाण्याचा तांब्या कोणत्या हातानं द्यावा. स्वयंपाकावर मोठं प्रकरण होतं, पण ते लिहिणारा कधी चुलीपुढं बसलेला नव्हता. भाकरी थापायच्या आधीच तव्यावर तेल सोडायला सांगत होता. बाळंतिणीच्या प्रकरणात तर सगळा संस्कृत श्लोकांचा सुकाळ, आणि बाळंतीण कुठंच नाही. त्या काळी स्त्रीशिक्षणाची हवा होती, बाईच्या नावावरच्या पुस्तकाला संस्थानच्या दरबारात आणि शाळाखात्यात मान होता. दत्ताजीरावांनी तो मान बायकोच्या नावानं स्वतःच्या पदरात पाडून घेतला होता, हे दुसरीतल्या पोरालाही कळावं.

शिवाय छपाई गचाळ. पहिले दोन फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन छापील ताव, स्वच्छ, आणि तिथून पुढं नुसता गोंधळ. कुठं ओळच गायब, कुठं वाक्याचा अर्थ उलटा. 'पतीच्या बोलण्यात दोष काढावेत' असं एका ठिकाणी छापलं होतं. पुढं सासूच्या आज्ञेबद्दलच्या वाक्यातला 'नये' नाहीसा झाला होता. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे जुळवून ओळ बसवणारा माणूस. तो दारूडा असणार, असं नुजहतनं ठरवून टाकलं आणि पुस्तक बाजूला सारलं.

धैर्यशीलला तिनं फोन करून विचारलं, की बनाबाईंना पाहिलेलं घरात कुणी आहे का. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. तो म्हणाला, हातकणंगल्याला आमची आक्का हाय की, आजोबांची धाकटी बहीण, पण तिचं डोस्कं आता ठिकाणावर न्हाय.

आक्काचं डोकं नुजहतला आतापर्यंत भेटलेल्या सगळ्या इंगवल्यांपेक्षा ठिकाणावर वाटलं. नव्वदीला टेकलेली ती बाई मुलाच्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये सोफ्यावर मांडी घालून मालिका बघत होती. पाहुणी आली म्हणून तिनं आवाज कमी केला नाही.

"धैर्यानं धाडलंय व्हय?" ती म्हणाली. "मत मागायला आलाय का काय?"

नुजहतनं पुस्तकाचं सांगितलं. आक्कानं मालिकेवरची नजर काढली.

"बनाबाईनं पुस्तक लिवलं? कोण म्हणतंय?"

"पुस्तकावर नाव आहे त्यांचं."

"नाव तर सातबाऱ्यावर माझंबी हाय," आक्का म्हणाली. "रान माझं हाय व्हय?"

मग ती सांगत गेली, मधूनमधून मालिकेकडं बघत, कसलाही आव न आणता. बनाबाई तिची आजी. ती गेली तेव्हा आक्का नुकतीच वयात आलेली पोर होती, त्यामुळं तिनं जे पाहिलं ते पाहिलं आणि बाकीचं आजीच्याच तोंडून ऐकलं होतं. दत्ताजीरावांनी बायकोला कधी शाळेत घातलं नव्हतं, घरीही शिकवलं नव्हतं. पुस्तक त्यांनीच लिहिलं आणि तिचं नाव घालायचं ठरवून छापायला घेतलं. एवढ्यात प्लेग आला. लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायला लागले. छापखान्यातले दोघं जुळारी पळाले. त्यातला एक मेल्याचं नंतर कळलं. दरबारात पुस्तक अमुक महिन्यात देतो म्हणून दत्ताजीराव सांगून बसलेले. मग त्यांनी बायकोला खिळ्यांपुढं बसवलं.

"वाचता येत नव्हतं तर अक्षरं कशी लावली त्यांनी?"

"चित्रं बघून लावावीत तशी. आज्यानं कागद पुढ्यात ठिवायचा, हिनं त्यातलं एकेक अक्षार बघायचं आणि कप्प्यातनं तसला खिळा हुडकायचा. खिळ्यावर अक्षार उलटं असतंय. ही उलटंच शिकली."

असं करत करत बनाबाईला वाचता यायला लागलं. नवऱ्यानं शिकवायचं टाळलेलं ती नवऱ्याच्याच पुस्तकावर शिकली, आणि पहिलं जे वाचलं ते हे, की बाईनं नवऱ्याच्या बोलण्यात दोष काढू नयेत. म्हातारपणी ती वर्तमानपत्र आरशापुढं धरून वाचायची, कारण अक्षर उलटं दिसलं की तिला बरं वाटायचं. घरातल्यांना वाटायचं म्हातारी चळली. आक्का तेवढी शेजारी बसायची आणि आरशात बघून तिच्याबरोबर अक्षरं लावायची.

"मी बघितलोय तिची बोटं," आक्का म्हणाली. "मरंस्तवर काळी हुती. शिकेकाईनंबी जात नव्हती."

नुजहतनं चुकांबद्दल विचारलं. तो उलटा झालेला दोष, तो नाहीसा झालेला 'नये'.

आक्का पहिल्यांदा हसली. "ती म्हणायची, हात चुकला. आणि हसायची. पुढं इचारायचं न्हाय."

पुस्तक बांधून आलं तेव्हा दत्ताजीरावांच्या ते ध्यानात आलं होतं. बैठकीत दोन-चार मोठी माणसं बसली होती आणि त्यातल्या एकानं मोठ्यानं ते वाक्य वाचलं. दत्ताजीराव लालबुंद झाले. पण बोलणार काय? बायको पुस्तक लिहिते म्हणायला ते तयार होते. बायको छापखान्यात बसून काळी बोटं करून काम करते म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी मेलेल्या जुळाऱ्याला शिव्या दिल्या. बनाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. माणसं गेल्यावर त्यांनी तिच्या थोबाडीत मारली, आणि त्यानंतर तिला छापखान्यात पाऊल टाकू दिलं नाही. नवे जुळारी मिळाले होते.

परतताना एसटीत नुजहतला एवढं तरतरीत वाटत होतं, की शेजारच्या बाईनं खिडकी बंद करायला सांगितली तरी तिला राग आला नाही. ज्या बाईला नवऱ्यानं नुसतं नावापुरतं वापरलं ती खरोखरीची कुणीतरी होती. लेखिका नसेल, पण त्या छापखान्यात त्या काळात खिळे जुळवणारी बाई. नुजहतनं एवढी वर्षं चाळलेल्या कागदांत तिला अशी दुसरी भेटली नव्हती. धैर्यशीलला हे कळलं की तो चौकाबरोबर पुतळाही मागेल, असं तिला वाटलं. तेवढ्यापुरती ती धैर्यशीलला विसरली होती.

तो पंपावरच्या केबिनमध्ये भेटला. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग दार लोटून घेतलं.

"मॅडम, हे कुणाला बोललाय का?"

"अजून नाही."

"नका बोलू. लेखिकेचा चौक हुतोय. खिळं जुळवणारीचा चौक कोण करतंय? आमच्या घरातली बाई कामगार हुती म्हणून सांगू व्हय लोकांस्नी?"

नुजहतनं त्याला समजावण्याचा प्रयत्न केला. लिहिणाऱ्या बायका त्या काळात बऱ्याच निघाल्या, ही दुर्मीळ आहे. त्यानं मान डोलावली, जशी पंपावर पाणी मिसळल्याची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकापुढं डोलवत असेल. मग म्हणाला, तुमचं पुस्तक छापायला घेतोय, मुखपृष्ठ काढायलाबी टाकलंय. तुम्ही आपलं चार पानं चांगली लिवा. दत्ताजीरावांनी तिच्या थोबाडीत मारल्याचं तर त्याच्या कानावरूनच गेलं. इंगवल्यांच्या घरात ती बातमी नसावी.

घरी येऊन नुजहतनं ती चार पानं लिहून पाहिली. 'बनाबाईंच्या नावे प्रसिद्ध झालेले' असं लिहिलं, म्हणजे खोटंही नाही आणि खरंही नाही. 'एका स्त्रीच्या हातून साकारलेले' असं लिहिलं आणि स्वतःच्या चतुराईचं अर्धा तास कौतुक केलं. मग तिनं ते मोठ्यानं वाचलं. असली वाक्यं विश्वजित घोरपडे लिहितात. ती भानावर आली, सगळं फाडलं आणि आक्कानं सांगितलेलं जसंच्या तसं, नावागावासकट, थोबाडीतसकट लिहून पाठवून दिलं.

धैर्यशीलनं फोन केला नाही. निमंत्रणपत्रिका तेवढी आली. त्यात 'प्रस्तावना: प्राचार्य विश्वजित घोरपडे' असं होतं, आणि खाली प्रमुख उपस्थितांत नुजहतचं नाव, कारण पत्रिकेचा तो भाग आधीच छापून झाला होता.

ती गेली. अफसाना म्हणाली होती, नको जाऊस आपा, पण कुठली साडी नेसू हे विचारल्यावर तिनंच काढून दिली.

समारंभ इंगवल्यांच्याच मंगल कार्यालयात होता. व्यासपीठावर बनाबाईंचं मोठं तैलचित्र होतं. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. चित्रकारानं नाकात नथ, हातात लेखणी आणि धैर्यशीलचे डोळे काढून वेळ निभावली होती. विश्वजित सर बोलायला उभे राहिले. स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं 'नवऱ्यांचं हस्ताक्षर' म्हणून खिदळलेला तो माणूस आता गळा भरून सांगत होता, की या ओळींमधलं स्त्रीहृदय कुठल्याही पुरुषाला लिहिता आलं नसतं, पाण्याच्या तांब्याचं ते वर्णन एक स्त्रीच करू जाणे. नुजहतनं त्यांच्याकडं बघितलं तेव्हा त्यांनी नजर चुकवलीही नाही. चुकवण्याइतकं त्यांना काही वाटतच नव्हतं. ज्याचा तिरस्कार करण्यात आपण इतकी वर्षं घालवली तो माणूस तेवढ्या योग्यतेचाही नव्हता, असं तिच्या मनात आलं, आणि त्या वाया गेलेल्या वर्षांचं तिला वाईट वाटलं.

तिला दोन शब्द बोलायला बोलावलं. दोन शब्दच, असं सूत्रसंचालिकेनं दोनदा सांगितलं.

नुजहत म्हणाली, "हे पुस्तक बनाबाईंनी लिहिलेलं नाही. ते त्यांच्या नवऱ्यानं लिहिलं. बनाबाईंनी त्याचे खिळे जुळवले, वाचता येत नसताना, प्लेगमध्ये, आणि जुळवता जुळवता वाचायला शिकल्या. त्याबद्दल त्यांना मार मिळाला. चौकाला नाव द्यायचं असेल तर या कारणासाठी द्या."

मग विश्वजित सर खुर्चीतूनच, माइक हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे मुजावर मॅडम, मी इतकी वर्षं म्हणत होतो तेच शेवटी खरं ठरलं." पाच मिनिटांपूर्वीचं स्त्रीहृदय त्यांनी तेवढ्यात खिशात टाकलंही होतं.

"सर," नुजहत म्हणाली, "तुम्ही म्हणत होता की बाईचं काही नसतं, सगळं नवऱ्याचं असतं. या पुस्तकात वाचण्यासारखं जेवढं आहे ते तिनं बिघडवलेलं आहे. बाकीचं नवऱ्याचं. तेवढं तुम्ही ठेवून घ्या."

मागच्या रांगेत दोन मुली हसल्या. बाकी कुणाला नीट समजलं नसावं. धैर्यशील तेवढा हुशार होता. त्यानं माइक घेतला, मॅडमचा स्वभाव पहिल्यापासून गमतीदार असल्याचं सांगितलं आणि जेवण तयार असल्याचं जाहीर केलं. माणसं उठली. तांबडा-पांढरा रस्सा होता. हातात ताटं घेऊन उभ्या असलेल्या त्या गर्दीतून नुजहत बाहेर पडली, तेव्हा एका बाईनं तिला थांबवलं आणि म्हणाली, मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसह बातमी आली. आद्य लेखिकेच्या ग्रंथाबद्दल ज्या मान्यवरांनी गौरवोद्गार काढले, त्यांत नुजहत मुजावर यांचंही नाव होतं. आणि त्याच आठवड्यात ड्रायव्हर हस्तलिखिताचा गठ्ठा परत देऊन गेला. या खेपेला खोकं नव्हतं, मिठाईही नव्हती.

नुजहत त्या गठ्ठ्याला हात न लावता बसून होती. धैर्यशील, विश्वजित सर, रस्सा ओरपणारं ते सगळं गाव, पुण्या-मुंबईचे प्रकाशक, एकेकाला ती नावानं धुवत होती. अफसाना भाजी निवडत ऐकत होती. तिनं नुजहतसारखं शिक्षण घेतलं नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. बहिणीचं बोलणं संपेना तेव्हा तिनं विचारलं, "आपा, तुझ्या त्या पुस्तकात अम्मी हाय का गं?"

"अम्मी? अम्मी कुठली येईल त्यात?"

"न्हाय, म्हटलं छापखान्याचं पुस्तक, बायकांचं पुस्तक. म्हणून इचारलं."

त्यांचे अब्बा बाइंडर होते. दुकानावर नाव त्यांचं होतं, पण छापून आलेले फर्मे घरी यायचे, आणि अम्मी ते घडी घालून, क्रमानं लावून, सुईदोऱ्यानं शिवायची. तिच्या आधी त्यांची दादी शिवायची, आणि दादीच्या आधी तिची सासू. शिवणारी बाई तीच, दुकानाच्या पाटीवरचा पुरुष तेवढा बदलायचा. नुजहत लहानपणी पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या वासापासून लांब, माडीवर जाऊन अभ्यास करायची. मैत्रिणींना सांगताना 'आमचे वडील पुस्तकांच्या व्यवसायात आहेत' म्हणायची. आणि साडेसहाशे पानांच्या त्या हस्तलिखितात लिहिणाऱ्या बायका होत्या, प्रस्तावना लिहिणारे नवरे होते, छापखान्यांचे मालक होते, कागद कुठून यायचा तेही होतं. पुस्तक शिवलं कुणी, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. इंगवल्यांना काळी बोटं सोसली नाहीत म्हणून ती भर सभेत बोलून आली होती, आणि तिला स्वतःला खळ सोसली नव्हती.

अफसानाला काही विशेष झाल्याचं वाटलं नव्हतं. ती भाजी धुवायला उठून गेली.

नुजहतनं हस्तलिखित उघडलं आणि पुढचे सहा-सात महिने ते पुन्हा लिहिलं. घडी घालणाऱ्या, शिवणाऱ्या, शाई कांडणाऱ्या, खिळे धुणाऱ्या बायका ती हुडकत फिरली. कागदावर त्या नव्हत्याच, म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांकडं गेली. कित्येकांनी तिला हाकलून दिलं, कारण आमच्यातल्या बाया असलं काम करत नव्हत्या, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येक गल्लीत एकेक दत्ताजीराव बसलेला होता. एक पूर्ण प्रकरण बनाबाईंचं झालं, आणि एक अम्मीचं, दादीचं. ते लिहिताना तिला सर्वांत जास्त त्रास झाला, कारण त्यात तुच्छता दाखवायला दुसरं कुणी नव्हतं.

पुस्तक शेवटी इचलकरंजीच्या नौमान बागवाननं छापलं. तो एरवी कापडाच्या ताग्यांवरची लेबलं छापायचा, आणि पुस्तक छापतो म्हणाला तेच मुळी कुतूहलापोटी. कापडी बांधणी नव्हती. कागद जरा पातळ होता आणि तिसऱ्या प्रकरणात एक पान उलटं लागलं होतं. पुण्याच्या एका मासिकात परीक्षण आलं, त्यात निर्मितीमूल्यं सामान्य असल्याचं म्हटलं होतं. धैर्यशील निवडून आला. चौकाला बनाबाईंचं नाव लागलं आणि पाटीवर 'आद्य लेखिका' असं सोनेरी अक्षरांत लिहिलं गेलं. महिन्याभरात त्या पाटीवर वाढदिवसाचा फ्लेक्स चढला.

पुस्तकाची प्रत घेऊन नुजहत हातकणंगल्याला गेली. आक्काला आता दिसत नव्हतं, पण टीव्ही चालूच होता. नुजहतनं बनाबाईंचं प्रकरण वाचून दाखवलं. आक्का डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं तोंड वाकडं केलं.

"लई मऊ लिवलंईस," ती म्हणाली. "ती तसली नव्हती."

"मग कशी होती?"

"वंगाळ हुती. नवरा मेल्यावर छापखाना तिच्याच हातात आला की. माझ्या आईला, चुलतीला, कुणाला खिळ्याला शिवू दिलं न्हाय. बायांस्नी काय कळतंय म्हणायची. आम्ही शाळंचं नाव काढलं की फुकणी घेऊन अंगावर यायची. आरशापुढं मी बसायचो ते तिनं बोलावलं म्हणून न्हाय, हुसकलं तरी जायचो न्हाय म्हणून."

नुजहत पुस्तक मिटून ऐकत राहिली. एवढं प्रेमानं घडवलेलं बनाबाईंचं चित्र तिच्या डोळ्यांदेखत खरवडलं जात होतं, आणि नवल म्हणजे तिला ती बाई आता अधिक आवडायला लागली होती. तिनं पर्समधून पेन काढलं आणि आक्काला सावकाश सांगायला सांगितलं.

"आता कुठं घालतीस हे?" आक्कानं विचारलं. "पुस्तक तर छापून झालं."

"दुसऱ्या आवृत्तीत."

"निघतीया का दुसरी?"

"नाही निघायची," नुजहत म्हणाली. "तुम्ही सांगा."

आक्कानं चाचपडत रिमोट शोधला, टीव्हीचा आवाज बंद केला, आणि सांगायला लागली.